विकत घ्यावयाचें घर कसें पाहावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या बोलली जात आली आहे. तींतील 'पाहावें' या क्रियापदाचा अर्थ 'अनुभव घ्यावा' असा आहे. हीं दोन कृत्यें स्वतः हातीं घेतल्यावांचून त्यांतील खर्च, दगदग आणि मनस्ताप यांची खरी कल्पना येत नाहीं, असा त्या म्हणीचा आशय. परंतु जागा घेऊन, पाया खणून घर बांधण्याचा योग आज शहरांत राहणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबांस क्वचितच येतो. बहुतेकांच्या वाट्यास येतें तें दुसऱ्यानें बांधलेलें आणि पुष्कळदां दुसऱ्यानें वापरलेलें घर. अशा घरापुरता तरी म्हणींतील तो शब्द त्याच्या अगदीं साध्या अर्थानें घ्यावा असें आम्ही सुचवितों. घर डोळ्यांनीं पाहावें. हें वाचून कोणी म्हणेल, न पाहतां घर घेतो कोण? आमचें उत्तर असें कीं, बहुतेक सर्वच. घर पाहावयास गेलेल्या मनुष्यास समोरची भिंत दिसत नाहीं. त्या भिंतीवर आपण लावणार असलेली तसबीर दिसते.

हें आम्ही उपदेशाच्या ऐटींत लिहीत नाहीं. १९९१ सालीं ही चूक आमच्याच हातून घडली आहे. वडील नुकतेच निवर्तले होते. गांवाकडील जमिनीच्या विक्रींतून आलेला हिस्सा, आमच्या व धाकट्या बंधूंच्या भविष्यनिर्वाह निधींतून काढलेली रक्कम आणि घरांतील दोघी जावांच्या पाटल्या, एवढ्या पुंजीवर पुण्याच्या जुन्या वस्तींतील एक दुमजली घर पाहावयास आम्ही गेलों. वैशाख महिना होता, वेळ सायंकाळीं पांचची. घराला नवा पिस्तई रंग दिलेला. मालकांनीं अगत्यानें पन्हें दिलें. आम्ही दोघे बंधु कोणती खोली कोणाची याची वांटणी मनांतल्या मनांत करीत असतां आमच्या मातोश्री तळमजल्यावरील मागच्या खोलींत उभ्या राहून हलकेच म्हणाल्या, "बाळ, या खोलींत उदबत्तीचा वास फार येतो रे. तें कपाट जरा बाजूला करायला सांग." आम्हीं उत्तर दिलें, "आई, लोकांच्या घरीं असें सांगणें बरें दिसत नाहीं." कपाट जागचें हललें नाहीं. पुढें ताबा देतांना मालकांनीं तें कपाट आम्हांसच ठेवून दिलें, आणि त्यांच्या दिलदारपणाची आम्ही चार ठिकाणीं वाखाणणी केली!

श्रावणांत तें कपाट हलविलें. मागची भिंत हातभर उंचीपर्यंत ओलीचिंब. तिच्यावर लोणा फुललेला, आणि कपाटाची पाठ कुजून काळी पडलेली. शेजारच्या मोरीची फुटकी नळी त्या भिंतीच्या पायाशीं कित्येक वर्षें पाझरत होती. दुरुस्तीस पैसे गेले त्याचें दुःख नाहीं. परंतु मातोश्रींस जिना चढवत नसे, म्हणून ती खोली त्यांनाच दिलेली होती, आणि त्यांचा जुना दमा त्या ओलींत दर पावसाळ्यास बळावत गेला. "मी सांगितलें होतें" असे शब्द त्यांच्या तोंडून एकदांहि निघाले नाहींत. निघाले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

पुढें कायद्याचें पुस्तक चाळतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, आमची चूक कायद्यालाहि ठाऊक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमांत विकणाराचें कर्तव्य सांगितलें आहे. करारांत वेगळें ठरलें नसेल तर, मिळकतींतील अथवा हक्कांतील जो मोठा दोष विकणारास माहीत आहे, घेणारास माहीत नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनहि जो घेणारास सांपडला नसता, तो दोष विकणारानें उघड केला पाहिजे. याचा व्यत्यास वाचकांनीं नीट ध्यानीं घ्यावा. साधारण काळजीनें जो दोष सांपडला असता, तो सांगण्याचें बंधन विकणारावर नाहीं. कपाट सरकविणें ही साधारण काळजी होय. नव्या प्रकल्पांतील घरांस २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें अधिक आधार दिला आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधणींतील दोष नजरेस आणल्यास तो विकासकानें आपल्या खर्चानें ३० दिवसांत दूर करावयाचा असतो. जुन्या घराच्या खरेदींत मात्र घेणारास स्वतःच्या डोळ्यांवांचून फारसा आधार नाहीं.

आपल्या पूर्वजांची दृष्टि या बाबतींत फार स्वच्छ होती. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील वास्तुविद्येच्या अध्यायांत जमिनीची परीक्षा सांगितली आहे. घराच्या जागीं एक हात लांब, रुंद व खोल खड्डा खणावा आणि त्याच मातीनें तो पुन्हां भरावा. माती कमी पडली तर जागा अनिष्ट, बरोबर झाली तर मध्यम, उरली तर उत्तम. अथवा तो खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें चालून यावें. तोंपर्यंत पाणी उणें झालें नाहीं तर जागा चांगली. सैल, पोकळ जमिनींत माती कमी पडते आणि पाणी झपाट्यानें मुरतें. अशा जमिनीवर पाया खचण्याचें भय असतें, हें कोणासहि समजण्यासारखें आहे. हल्लीं वास्तुशास्त्र म्हटलें कीं दरवाजा कोणत्या दिशेला आहे एवढेंच विचारलें जातें. त्याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें करावा. पण ज्या शास्त्रकारानें दिशा सांगितल्या, त्यानेंच खड्डा खणून पाहावयास सांगितलें आहे, हा भाग आपण सोयीस्करपणें विसरलों आहों.

आतां प्रत्यक्ष घराकडे वळूं. पहिली गोष्ट वेळेची. विकणारानें दिलेल्या एकाच वेळीं घर पाहून परतूं नये. सकाळीं, भर दुपारीं आणि रात्रीं नऊनंतर अशा तीन वेळां जावें, आणि साधेल तर एकदां मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीं जावें. वैशाखांत प्रत्येक भिंत सज्जन असते. तिची परीक्षा आषाढांत होते. दिवसा गेल्यावर खोल्यांतील दिवे मालवावयास सांगावें, म्हणजे खरा उजेड किती तें कळतें. खिडक्या बंद असतील तर उघडाव्या, म्हणजे रस्त्याचा आवाज आणि नाल्याचा वास हीं दोन्ही आंत येतात. शेजारीं मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईच्या दिवशीं, पिठाची गिरणी असेल तर ती चालू असतांना जावें. म्युनिसिपालटीचें पाणी कोणत्या घटकेस येतें हें मालकास न विचारतां शेजारणीस विचारावें. ती घड्याळ लावून सांगते.

आंत शिरण्यापूर्वीं बाहेरून घराभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी. देवळांत आपण ती न चुकतां घालतों. घर घेतांना मात्र तिचा विसर पडतो. घराचें जोतें रस्त्याहून उंच आहे काय हें प्रथम पाहावें. शहरांतील रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढत गेल्यामुळें एके काळीं दोन पायऱ्या चढून जावें लागे अशा घरांत आज एक पायरी उतरून जावें लागतें. अशा घरांत पाऊस बोलावल्यावांचून येतो. अंगणाचा उतार घराकडे आहे कीं घरापासून दूर, पागोळ्यांचें व पन्हळींचें पाणी भिंतीच्या बुडाशीं सांचतें कीं वाहून जातें, हेंहि पाहावें. घर कौलारू असेल तर दूर उभें राहून आढ्याची रेघ न्याहाळावी. ती मध्यें झोल खात असेल तर खालचें लाकूड थकलेलें आहे असें समजावें.

नदीच्या अथवा ओढ्याच्या आसपास घर असेल तर आणखी एक चौकशी अवश्य करावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेकांठच्या पेठा बुडाल्या, ती कथा पुण्यांतील वृद्ध अजून सांगतात. पण धरण फुटावेंच लागतें असें नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं एका मुसळधार पावसानें आंबिल ओढ्याचें पाणी कित्येक घरांत शिरलें, आणि जुलै २०२४ मध्यें सिंहगड रस्त्यालगतच्या वस्तीनें तोच अनुभव घेतला. नदीकांठच्या जमिनीसंबंधानें निळी व लाल अशा दोन पूररेषा आंखलेल्या असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. आपलें घर त्यांच्या आंत आहे कीं बाहेर हें विकास आराखड्याच्या नकाशावर पाहून घ्यावें. शिवाय कोपऱ्यावरच्या जुन्या वाणसामानाच्या दुकानदारास विचारावें, "पाणी कुठवर आलें होतें?" तो आपल्या दुकानाच्या फळीकडे बोट करून दाखवील.

आंत गेल्यावर पहिला शोध ओलीचा. ओल कोठें दिसते यावरून ती कोठून आली हें बहुतेक वेळां कळतें. जमिनीपासून वर चढत जाऊन हात-दोन हात उंचीवर थांबणारी, वर पांढरा लोणा फुललेली ओल पायांतून येते. ती सर्वांत हट्टी. खिडकीच्या अथवा छज्ज्याच्या कडेनें दिसणारी ओल पावसाच्या माऱ्याची असते. छतावर गोल, पिवळसर कडा असलेला डाग दिसला तर वर गच्ची आहे कीं कोणाचें न्हाणीघर आहे तें पाहावें. गच्ची असल्यास प्रत्यक्ष वर जावें. शेवाळाच्या वाळलेल्या रेघा पाणी कोठें तुंबतें तें सांगतात, आणि पाणी जाण्याचीं भोकें मोकळीं आहेत कीं नाहींत तें दिसतें. सगळें घर जुन्या रंगाचें आणि एकच भिंत नव्या रंगाची असेल, तर त्या भिंतीपाशीं थांबावें. तिला हाताचा तळवा लावावा आणि नाक जवळ न्यावें. कपाटामागें, पलंगामागें, माळ्यावर आणि मोरीखालच्या कोपऱ्यांत विजेरी लावून पाहावें. हल्लीं ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें असतेच.

दुसरा शोध भेगांचा. भेग दिसली कीं घाबरूं नये, आणि दुर्लक्षहि करूं नये. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक, वेड्यावांकड्या रेघा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. परंतु खिडकीच्या अथवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी वर जाणारी, एका टोंकास रुंद होत जाणारी, भिंतीच्या दोन्ही अंगांस दिसणारी भेग ही पाया खचल्याची खूण असूं शकते. आपल्या देशावरची काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते, आणि तिच्यावरचें घर तिच्याबरोबर हलतें. भेग जुनी व थांबलेली आहे कीं अजून वाढते आहे, हें एका भेटींत कळत नाहीं. तिच्या टोंकाशीं कोणी पेन्सिलीनें खूण करून तारीख घातली आहे काय, अथवा भेगेवर कांचेची पट्टी बसविली आहे काय, हें पाहावें. भेग वाढली कीं ती पट्टी तडकते. दारें आणि खिडक्या लावून पाहाव्या. जें दार चौकटींत अडकतें, किंवा ज्याच्या वरच्या कडेस नुकताच रंधा मारलेला दिसतो, तें दार भिंतीची चुगली करीत असतें.

सिमेंट-काँक्रीटच्या घरांत तुळयांच्या व छताच्या खालच्या अंगास सरळ रेषेंत गेलेल्या भेगा शोधाव्या. आंतील लोखंडी सळई गंजली कीं फुगते, मूळच्याहून कितीतरी अधिक जागा व्यापते आणि वरचें काँक्रीट ढकलून त्याचे ढलपे पाडते. तेथें नुसता गिलावा थापणें म्हणजे गळवावर पावडर लावणें होय. भिंतीवर बोटाचें पेर वाजवून पाहावें. गिलावा सुटलेला असेल तेथें बद्द आवाज येतो. जुन्या वाड्यांत तुळया, खांब आणि चौकटी यांवर वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या शोधाव्या, व चौकटीच्या बुडाशीं एखादी किल्ली टोंचून पाहावी. वरून धट्टेंकट्टें दिसणारें लाकूड आंतून पापुद्र्यासारखें निघाल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

तिसरी परीक्षा पाण्याची. सर्व नळ एकदम सोडावे आणि धार किती उरते तें पाहावें. न्हाणीघरांत एक बादली पाणी ओतून तें निचऱ्याकडे जातें कीं उंबऱ्याकडे येतें तें उभें राहून पाहावें. फरशीवर मुलांची गोटी ठेवावी. ती कोणीकडे धांवते त्यावरून जमिनीचा कल कळतो. अंगणांतील ड्रेनेजच्या चेंबरचें झांकण उघडावयास सांगावें. हें सांगतांना संकोच वाटतो खरा, पण पुढें तें स्वतः उघडण्याची पाळी येते तेव्हां संकोच करावयास सवड मिळत नाहीं. सदनिका असेल तर आपलें छत पाहून भागत नाहीं; खालच्या बिऱ्हाडीं जाऊन त्यांचेंहि छत पाहून यावें. त्यांच्याकडे आपल्या न्हाणीघराखालीं डाग असेल, तर ताबा घेतांच त्यांचें भांडण आपल्याकडे येणार आहे. विजेच्या बाबतींत एखाद्या जाणत्या वायरमनास बरोबर न्यावें. जुन्या तारा, नसलेलें अर्थिंग आणि एकाच खुंटीला लोंबकळणारीं दहा उपकरणें यांचा अर्थ त्याला एका दृष्टिक्षेपांत कळतो.

हें सर्व कोणी पाहावें, हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वीं घराचा सौदा पुरुष करीत आणि घरांत राबणें स्त्रियांच्या वांट्यास येई. आज सुना नोकरी करतात, मुलगेहि भांडीं घांसतात, हें चांगलेंच आहे. तथापि घराशीं ज्याचा जितका जवळचा संबंध, तितके त्याला घराचे दोष आधीं दिसतात, हा नियम बदललेला नाहीं. ओट्याची उंची, धुराची वाट, वाळत घालण्याची जागा हें स्वयंपाक करणाराच्या दृष्टीनें पाहावें. जिन्याच्या पायऱ्या व कठडा वृद्धांच्या पायांनीं तपासावा. घरांत दमेकरी असेल तर त्याच्या श्वासानें खोली पाहावी. यांतील कोणी हळूच कांहीं सुचविलें, तर "बरें दिसत नाहीं" म्हणून त्यांस गप्प बसवूं नये.

भिंतींचे दोष पैशानें दुरुस्त होतात. कागदांतील दोष कधीं कधीं पैशानेंहि होत नाहींत. म्हणून बयाणा देण्यापूर्वीं चांगल्या वकिलाकडून निदान ३० वर्षांचा शोध घ्यावा. शहरांतील मिळकत असेल तर नगर भूमापन कार्यालयांतील मिळकत पत्रिका, गांवठाणाबाहेरची असेल तर सातबारा व त्यावरील फेरफार, आणि नोंदणी कार्यालयांतील सूची क्रमांक २ हीं पाहावीं. घरावर कर्ज आहे काय, दावा चालू असून त्याची नोंद झाली आहे काय, घरपट्टी कोणाच्या नांवें व कोठवर भरली आहे, हें कागदावरून कळतें. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारें झालेल्या विक्रीनें मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. तेव्हां "कुलमुखत्यारपत्र आहे, तेवढें पुरे" या आश्वासनावर विसंबूं नये. जुन्या वाड्यांत भाडेकरू असतील तर भिंतींबरोबर तेहि आपल्याकडे येतात, आणि १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचें संरक्षण त्यांस असतें.

आपल्यासारख्या कुटुंबांत एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती बहिणीची सही. वडिलोपार्जित घर भाऊ विकतात. बहिणी परगांवीं, परदेशीं असतात. "त्यांचें कांहीं म्हणणें नाहीं" असें भाऊ सांगतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत तर १९५६ च्या कायद्यानेंच मुलगी मुलाबरोबरीची वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतहि ९ सप्टेंबर २००५ पासून तिला मुलाप्रमाणें जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या दिवशीं वडील हयात नसले तरी तो तिला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. तेव्हां सर्व बहिणींच्या सह्या, अथवा त्यांचें नोंदलेलें हक्कसोडपत्र, पाहिल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. हें सावधपणाचें आहेच. पण जिचा हिस्सा आहे तिला विचारावें, हा धर्महि आहे.

सदनिकेसाठीं आणखी चार कागद लागतात. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळालें आहे काय, तें पाहावें. जमिनीचें अभिहस्तांतरण संस्थेच्या नांवें झालें आहे काय, तें विचारावें. विकासकानें तें करून दिलें नसेल तर १९६३ च्या कायद्यांत २००८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें संस्थेस मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा आहे. विकणाराकडे संस्थेची बाकी नाहीं असा दाखला घ्यावा. आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनीं व त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनीं अशी तपासणी सांगितलेली आहे. अहवाल नाहीं असें उत्तर आलें, तर तेंहि एक उत्तरच समजावें.

गेल्या आषाढांत आमचा पुतण्या म्हणाला, "काका, एक जागा पाहिली आहे, तुम्ही एकदां चला." आम्ही, तो आणि सूनबाई असे तिघे गेलों. जागा शेवटच्या मजल्यावर, नव्या कोऱ्या रंगाची, किंमतहि बेताची. पुतण्याचे डोळे तसबीर लावूं लागलेले आम्हांस दिसले. सूनबाई मात्र गच्चीवर जाऊन आल्या आणि खालच्या बिऱ्हाडींहि डोकावून आल्या. गच्चीवर पाणी घोटभर सांचलेलें होतें, आणि खालच्या बाईंनीं दोन पावसाळ्यांची हकीकत पांच मिनिटांत सांगितली. कागद पाहतां मालकांच्या परदेशस्थ भगिनीची सही नव्हती. ती जागा आम्हीं सोडली.

दुसरी जागा एका वृद्ध गृहस्थांची. भिंतींचा रंग विटलेला, आणि स्वयंपाकघराच्या छतावर ताटाएवढा डाग. आम्ही विचारण्यापूर्वीं तेच म्हणाले, "हा वरच्यांच्या न्हाणीघराचा. दोन वर्षांपूर्वीं नळी बदलली, ही पावती. त्यानंतर ओल नाहीं. रंग मुद्दाम दिला नाहीं. तुम्हांला दिसावें म्हणून." खाली उतरतांना पुतण्या म्हणाला, "काका, डाग पडलेलें घर घ्यायचें?" आम्हीं सांगितलें, "बाबा रे, दिसणाऱ्या डागाची किंमत ठरवितां येते. रंगाखालच्या डागाची येत नाहीं." अभियंत्यास दाखवून, किंमतींत दुरुस्तीचा खर्च वळता करून, तेंच घर त्यानें घेतलें.

बिनदोष घर आम्हीं आजवर पाहिलेलें नाहीं. दोष असलेलें घर घेण्यांत कमीपणा नाहीं. तो न पाहतां घेण्यांत मात्र पुढें पुष्कळांस, आणि बहुधा न बोलणारांस, भोगावें लागतें. सूनबाईंनीं त्या घरांतील प्रत्येक भिंतीशीं नाक नेलें, तेव्हां आम्हांस मातोश्रींची आठवण झाली. वाचकांस आमची विनंति एवढीच. पन्हें अवश्य घ्या, मालकांचे आभारहि माना. पण निघण्यापूर्वीं तेवढें कपाट बाजूला करावयास सांगा.